सरांचा पठ्ठ्या

आमच्या सरांनी यीस्टच्या पेशीत एक जीन, म्हणजे जनुक, घातला होता आणि पोटच्या पोराचं करावं तसं त्याचं कौतुक चालवलं होतं. नाव ठेवलं पठ्ठ्या. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी ती बारकी बुरशी. तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की साध्या पेशी पटापट मरतात, पण पठ्ठ्यावाल्या जगतात, असा सरांचा दावा. माझा अख्खा प्रबंध ह्या पठ्ठ्याच्या जिवावर उभा होता. जमा करायची तारीख तोंडावर आलेली, आणि आईनं तर मला आधीच डॉक्टर करून टाकलेलं. शेजारच्या काकू मला गुडघा दाखवायला आल्या. म्हटलं, "काकू, तुम्ही यीस्ट असता तर बघितलं असतं."

शेवटचा एक प्रयोग उरला होता आणि नेमकी सरांची कंबर धरली. एरवी पठ्ठ्याचा फ्लास्क ते स्वतः धुवायचे. जाड काचेचा, त्यांचा लाडका. दुसऱ्या कुणी हात लावला की खेकसायचे. साध्या पेशींचे फ्लास्क मात्र आमच्या गळ्यात. या खेपेला तो लाडका मी धुतला, चांगला खसखसून, भरपूर पाणी घेऊन. नेहमीसारख्या पठ्ठ्यावाल्या पेशी तासभर त्यात ठेवल्या, मग पेरॉक्साइड दिलं आणि वाढायला प्लेटवर पसरल्या. दोन दिवसांनी बघते तर प्लेट कोरी करकरीत. साध्यांसारख्याच सगळ्या गचकल्या होत्या.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. पठ्ठ्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. मग डोक्यात आलं, बदललं काय? फक्त धुणारे हात! सर फ्लास्क निर्जंतुक करायला पेरॉक्साइडच वापरायचे, आणि शुद्ध पाण्याच्या बाबतीत महाचिक्कू. घोटभर पाणी घालून एकदा हिंदकळवलं की झालं. म्हणजे तळाशी थोडं पेरॉक्साइड उरतच असणार. आणि पेशींना आधी जरासं विष मिळालं की त्या सावध होतात, विष मोडणारी एन्झाइम्स बनवून ठेवतात, मग मोठा डोसही पचवतात. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो हो! मी साध्या पेशी घेतल्या, सरांच्या पद्धतीनं पेरॉक्साइड घालून कंजूषपणे विसळलेल्या फ्लास्कमध्ये ठेवल्या आणि विष दिलं. मेल्या नाहीत मेल्या! प्लेटभर वाढल्या.

सर कंबरेला पट्टा बांधून आले तसं मी सगळ्या प्लेटा त्यांच्यापुढे मांडल्या.

"पठ्ठ्या काही करत नाही, सर. तुमचं विसळणं करतंय."

"अक्कल गहाण टाकलीस का?" सर कडाडले. "माझी उभी हयात गेली ह्यात! मी धुतो तसा फ्लास्क धू, प्रयोग होईल. सोमवारी सही करतो. जा, डॉक्टर हो!"

खरं सांगते, मोह झाला. एक सही की सुटले. आईचा चेहरासुद्धा डोळ्यांसमोर आला. पण साध्या पेशींची ती भरलेली प्लेट समोर होती, आणि ती काही माझ्यानं झाकवेना.

"खोटं आहे ते, सर. मी नाही लिहिणार," म्हणाले आणि रडूच फुटलं, रागानं. "गेली माझी सगळी वर्षं चुलीत!"

सरांनी साध्या पेशींची प्लेट उचलून उजेडाशी धरली. कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, आता हाकलून देणार. मग कण्हत उठले, बेसिनपाशी गेले, बाह्या सारल्या. लाडक्या फ्लास्कमध्ये पेरॉक्साइड ओतलं, फ्लास्क रिकामा केला, शुद्ध पाण्याच्या नळाखाली नेऊन घोटभर पाणी घेतलं आणि तिथेच थांबले.

"नाक पूस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी किती पाणी घेतो ते मापून लिही. आणि माझं नाव घालून लिही, की ह्या माणसानं आजवर एकदाही फ्लास्क नीट धुतला नाही."