इशी

"कबरीच्या दगडावर 'बाअली' नाही लिहिता येणार, बाई. बाअली म्हणजे माझा नवरा. तुमचा नवरा मख्लूफ, आणि तो नेतान्यात धडधाकट आहे. गेलेला निस्सीम तुमचा कोण?"

दफनसंस्थेचा कारभारी पिन्हास हे अगदी शांतपणे बोलला, त्याचाच मला जास्त राग आला. मी झोहराची शेजारीण, सोबतीला गेले होते. वाटलं, आता ही रडणार. पण हॉटेलच्या चादरी पिळून पिळून दणकट झालेला हात तिने टेबलावर आपटला.

"तुला 'बाअली' लिही म्हणालं कोण?"

"मग?"

"बाअल म्हणजे मालक. घराला बाअल असतो, गाढवाला असतो. पूर्वी लोक ज्या मूर्तीपुढे लोटांगण घालायचे, तिचं नावही बाअलच. मलाही होता एक. पट्ट्याने मारायचा. सोडचिठ्ठी मागितली तर दात काढून हसायचा. तो बाअल लखलाभ त्याचा त्याला. निस्सीमच्या दगडावर 'इशी' लिही. माझा माणूस."

आमच्या तिबेरियात सगळ्या बायका नवऱ्याला उठताबसता हिब्रूत 'बाअली' म्हणतात. मीही म्हणते. त्यात मालक बसलाय, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. झोहरा मात्र गॅलरीतून निस्सीमला ओरडायची, "इशी, कांदे संपलेत!" हा पोथीतला शब्द, कांद्यासाठी तो कोण वापरतं? अख्खी गल्ली हसायची. मी एकदा घरी म्हणून पाहिला, तर आमच्या ह्यांनी विचारलं, "ताप आलाय का?"

आमच्या धर्मात सोडचिठ्ठी नवऱ्यानेच द्यावी लागते, आणि मख्लूफने ती आजतागायत दिली नाही, म्हणून निस्सीमशी लग्न होऊ शकलं नाही. अशा जोडप्याच्या मुलांना धर्म कलंकित मानतो, त्यांची लग्नंही लावत नाही; पोराबाळांवर तो डाग नको म्हणून दोघांनी मूलही होऊ दिलं नाही. त्या डागाची आठवण झाली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"'इशी'चा अर्थही नवराच होतो," पिन्हास म्हणाला.

"आधी माणूस होतो, मग नवरा. निस्सीम माणूस नव्हता, असं माझ्या तोंडावर म्हण. मी उठून जाते."

पिन्हास छताकडे बघत बसला. निस्सीम फ्रीज दुरुस्त करायचा, आणि पिन्हासच्या आईच्या जुनाट फ्रीजसाठी किती वेळा धावत गेला होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"लिहितो," तो शेवटी म्हणाला. "पण बारीक अक्षरात."

"ठळक," झोहरा म्हणाली.

दगड घडवणारा यीह्ये. आम्ही त्याच्या अंगणात गेलो तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला होता. काळ्या दगडावर निस्सीमच्या नावाखाली त्याने एक अक्षर कोरलं होतं. ते 'बाअली'चं पहिलं अक्षर होतं.

"मावशी, हात सवयीने गेला हो. बायकोने दगड बसवला की हेच कोरतो मी. दुसरा दगड देतो."

झोहराचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हातोडा उचलते. पण तिने त्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"दगडाने काय पाप केलंय? बुजव हे. दगडाच्या भेगा बुजवायचा काळा मसाला भर आणि पुढे माझा शब्द कोर. ठळक."

निस्सीम गेल्याच्या तिसाव्या दिवशी दगड बसला. दुरून काही कळत नव्हतं. पण इथला उन्हाळा दगडालाही सोडत नाही. दरवर्षी मसाला भेगाळतो, झडतो, आणि ते अक्षर पुन्हा डोकं वर काढतं. दरवर्षी झोहरा मसाल्याची पुडी घेऊन टेकडी चढते.

यंदा तिला दोनदा बसावं लागलं. म्हटलं, "गुडघे बघ तुझे. यीह्येला सांगू या ना."

"मालकच तो. वर येणारच. मीही येणार."

तिने गुडघे टेकले आणि मसाला अंगठ्याने दाबून दाबून भरला. मग आमच्या रीतीप्रमाणे आठवणीचा खडा कबरीवर ठेवला, हात झग्याला पुसले आणि त्या चार ठळक हिब्रू अक्षरांकडे बघत म्हणाली,

"इशी, कांदे संपलेत."