खरवडलेलं नाव

हातमोज्यावर निळ्या रंगाची खपली चिकटली होती, नखाएवढी, एका कडेला सरळ. वर्गातल्या हीटरवर वाळत घातलेल्या त्या लोकरीकडे बघताना ओड्नीबाईंच्या लक्षात आलं, ही अक्षराची कड आहे… होडीवरच्या नावाची. गावात निळी अक्षरं एकट्या हालवरच्या होडीवर. आणि हातमोजा त्याच्या मुलीचा, इरिलचा.

खिडकीतून धक्का दिसत होता. होडी वर ओढलेली, आणि हालवर पात्याने नाव खरवडत होता. इथे नाव खरवडतात ते होडी विकली की. घरातल्या बाईचं नाव परक्याच्या हाती द्यायचं नसतं. म्हणजे चालली ही माणसं — ट्रोम्सो शहराला, हिवाळाभर त्याच गोष्टी चालल्या होत्या. एक मूल कमी झालं की शाळा बंद, हे वरून सांगून झालेलं. मग उरलेली पोरं अंधारात, बोटीने, खाडीपलीकडच्या शाळेत… आणि ही खोली? इथेच मी वाचायला शिकले, ओल्या लोकरीच्या याच वासात —

"बाई, खारं पाणी गोठतच नाही का?" मागून कुणीतरी विचारलं.

"गोठतं. उशिरा गोठतं." आवाज नीट निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "इरिल, बाबा नाव का गं खरवडतायत?"

"आजीचं नाव खूप झालं म्हणे. आईला बाळ होणारे ना, मुलगीच आहे, तिचं घालणार. मी म्हटलं, माझं घाला. तर म्हणाले, तू डोक्यावर बसलीयेस तेवढं पुरे, होडीवर आणखी कशाला!"

वर्ग हसला.

"म्हणजे… जात नाही तुम्ही?"

"कुठे?"

ओड्नीबाई टेबलाला टेकल्या. जड टोपली खाली ठेवल्यावर हात आपोआप वर तरंगतात, तसं काहीतरी झालं होतं. प्रश्न सुटला नव्हता, तो फक्त पुढच्या कुठल्या तरी वर्षात सरकला होता, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि ते बाळ इथे येऊन बसेल तेव्हा आपण या टेबलाशी असूच असंही नाही. तरीही…

मुलं वाट बघत होती. पाण्याबद्दल पुढे काय सांगायचं होतं ते त्यांना आठवेना, आणि आठवायची घाईही वाटेना.