फूलमायेच्या आजाचं बोलावणं

फूलमाया पहिल्यांदा थरथरली तेव्हा सुमेधाला वाटलं, हिला हिवताप भरलाय. एप्रिल महिना, गोळपच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, ऊन नुसतं भाजत होतं, आणि ही बाई आंब्याच्या पेट्यांजवळ बसून कुडकुडत होती. दात वाजत होते. सुमेधाने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

ते २००३ साल. सुमेधाचा नवरा चिंतामणी हंगामात वाशीच्या बाजारात मुक्काम ठोकून असे आणि इकडे बाग सुमेधा सांभाळी. राखणीला आदल्या वर्षापासून नेपाळचं एक तामांग जोडपं होतं, पासांग आणि फूलमाया. दोघं बागेतल्याच मांगरात, राखणीच्या खोपटात राहत. पासांग वानर हाकायचा, फूलमाया आंबे निवडून पेंढ्यात लावायची. सुमेधाची सहा वर्षांची आर्या शाळेतून आली की दप्तर टाकून थेट फूलमायेकडे पळायची.

थरथर थांबेना. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्या संपल्या तरी दुपार झाली की फूलमायेचे खांदे उडू लागत, डोळे फिरत, आणि मग तिच्या तोंडून एखाद्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज येई. कामाला येणारी सावित्री पेट्या भरायचं सोडून उठली.

"वयनी, ह्यो ताप नाय. जागेवाल्यान धरलान हाय तिला. परक्या मुलखातली मान्सा, नारळ दिला नसंल."

सुमेधाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी तिने बागेच्या दगडी गडग्याजवळच्या राखणदार देवाला नारळ ठेवला. दुपारी फूलमाया पुन्हा थरथरली.

मग पासांगनेच तोंड उघडलं. खाली बघत, अडखळत, हिंदी-मराठी मिसळून तो म्हणाला, "दीदी, हा इथला देव नाही. आमच्या गावचा आहे. हिचा आजा."

"आजा म्हणजे? तो तर गेला म्हणाला होतास ना?"

"गेला, म्हणून तर." पासांग जमिनीवर बसला. "आमच्या गावात दोघं असतात. लामा आणि बोम्बो. माणूस मेला की लामा. पोथी वाचतो, मेलेल्याला पुढची वाट दाखवतो. माझे बाबा लामा आहेत. आणि जिवंत माणूस आजारी पडला, त्याचा जीव कुठे भटकला, की बोम्बो. तो ढोल वाजवतो, देव अंगात घेतो, जीव शोधून परत आणतो. हिचा आजा मोठा बोम्बो होता. आता त्याला अंगात बसायला घरातलंच कुणीतरी लागतं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"वेड लागतं. नाहीतर रानात पळते, कड्यावरून पडते." त्याने तोंड पुसलं. "मी लामाच्या घरातला. आमच्याकडे रक्त चालत नाही, बोम्बोच्या देवांना कोंबडा लागतो. मी रोज मंत्र म्हणतो, दीदी. म्हातारा ऐकतच नाही."

फूलमाया दारातच उभी होती. "पिसांचा मुकुट घालून येतो," ती म्हणाली. "कलमांमधून. रोज एक झाड जवळ. काल विहिरीजवळच्या कलमाखाली होता." तिने सुमेधाचा पदर धरला. "मला बांधून ठेवा, दीदी."

सुमेधाने नकळत विहिरीकडे पाहिलं. कलमाखाली फक्त सावली होती. पण त्या दिवसापासून त्या बाजूला पाणी आणायला जाताना तिच्या मानेवर काटा यायला लागला. आर्याला तिने दम भरला, मांगराकडे पाऊल टाकायचं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी टेम्पो आला. पेट्या चढवण्याच्या गडबडीत आर्या सकाळच्या शाळेतून आलेली सुमेधाच्या लक्षातच आलं नाही. टेम्पो गेल्यावर तिने हाक मारली. ओटीवर दप्तर पडलं होतं, आर्या नव्हती. मांगराचं दार उघडं, आत कुणी नव्हतं.

सुमेधा धावत सुटली. गडगा ओलांडला की मोकळा सडा, आणि पुढे कापून टाकून दिलेली चिरेखाण. चारही बाजूंनी उभ्या तासलेल्या भिंती आणि तळाला हिरवं पाणी. खाणीच्या अगदी काठावर फूलमाया उभी होती. तिचं सगळं अंग हलत होतं. तिच्या मुठीत आर्याचा हात होता.

सुमेधा थबकली. ओरडले तर ही दचकेल. धावले तर पुढे पाऊल टाकेल. सुमेधा तापलेल्या कातळावर हळूच खाली बसली.

"आई," आर्या रडत म्हणाली, "ही सोडत नाही."

फूलमाया खाणीकडे पाठ करून वळली. ते डोळे फूलमायेचे नव्हते. त्या म्हाताऱ्या आवाजात ती त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि अर्धं पाऊल मागे सरकली. टाचेखालची माती खाणीत पडली. खाली पाण्याचा आवाज झाला.

"आजोबा," सुमेधा म्हणाली. आपण कुणाशी बोलतोय हे तिला कळत नव्हतं. "आजोबा, ती पोर तुमची नाही. माझी आहे. तिला सोडा. तुमच्या नातीचं काय ते मी बघते. मी तुमची सोय करते. पोरीला सोडा."

फूलमायेची बोटं एकेक करत उघडली. आर्या पळत येऊन आईच्या अंगावर पडली, आणि त्याच वेळी पाठीमागून आलेल्या पासांगने झेप घेऊन बायकोला काठावरून ओढलं.

संध्याकाळी चिंतामणीचा फोन आला. ऐकून तो भडकलाच. "आजच्या आज काढ त्यांना! मी दुसरा गुरखा बघतो."

"हो," सुमेधा म्हणाली. तिला खरंच त्यांना घालवायचं होतं. हे सगळं आपल्या बागेतून जाऊ दे, एवढंच वाटत होतं. पण मांगराशी गेली तेव्हा पासांग बोचकी बांधत होता, आणि फूलमाया खांबाला दोरीने बांधलेली होती. तिनेच बांधून घेतलं होतं. आपण काठावर बसून काय कबूल केलं ते सुमेधाला आठवलं. आणि बोलणं मोडलं तर म्हातारा कुणाच्या मागे लागेल, ही भीतीही होतीच.

"तुमच्या गावात आता बोम्बो कोण आहे?"

"हिचा मामा. पण आजाला हीच हवी आहे."

"त्याला फोन करता येईल?"

पासांगच्या चुलतभावाचं नेपाळात, गावाखालच्या त्रिशूली बाजारात दुकान होतं. त्याच्याकडून डोंगरावर निरोप गेला, मामा खाली उतरला, आणि ठरल्या दिवशी भर दुपारी सुमेधा त्या दोघांना घेऊन नाक्यावरच्या आयएसडी बूथमध्ये गेली. फोन पहिल्यांदा उचलला तो मात्र पासांगच्या बापाने. लामाही मागोमाग खाली आला होता! लामा आणि बोम्बो फोनवरच भांडू लागले. पासांग घाम पुसत सुमेधाला सांगत होता, "मामा म्हणतो कोंबडा पाहिजे. बाबा म्हणतात, माझ्या सुनेच्या नावाने जीव जाणार नाही."

"मग?"

पासांगने पुन्हा रिसीव्हर कानाला लावला. "अंडं," पासांग म्हणाला. "दोघांना अंडं चालेल."

मग त्याने रिसीव्हर फूलमायेच्या कानाला लावला आणि तिकडे मामाचा ढोल सुरू झाला. एवढ्या लांबून, तारेतून येणारा तो आवाज डबा बडवल्यासारखा होता, पण फूलमायेचं अंग कानापासून हलायला लागलं. बूथच्या काचा खडखडल्या. सुमेधाने तिचा दंड धरला होता. तो दंड आतून कुणीतरी हलवतंय असं वाटून सोडावासा वाटला, पण तिने सोडला नाही. म्हातारा फूलमायेच्या तोंडून बोलला, मामा तिकडून बोलला, मध्येच लामाचे मंत्र आले. शेवटी फूलमायेने स्वतःच्या आवाजात एकच शब्द उच्चारला आणि मटकन खाली बसली.

"हो म्हणाली," पासांग म्हणाला. तो रडत होता. "पाऊस लागला की घरी जायचं, शिकायला. तोवर तो थांबेल."

मांगराच्या दारात त्यांनी तांदूळ आणि अंडं ठेवलं. थरथर थांबली. चिंतामणी आठवडाभर सुमेधाशी धड बोलला नाही. मिरगाला जोडपं निघून गेलं.

पुढच्या हंगामात दोघं परत आली. फूलमायेकडे आता लांब दांड्याचा ढोल होता. बाईमाणूस बोम्बो झाल्याचं त्यांच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं, पण आसपासच्या बागांमधले नेपाळी राखणदार ताप आलेली पोरं घेऊन तिच्याकडे येत. ढोल वाजू लागला की सुमेधा हातातलं काम टाकून आर्याला घरात घेई.

एकदा पेट्या भरता भरता तिने विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?"

फूलमायेने आंबा नाकाशी नेला, बाजूला ठेवला. "वाटते, दीदी. पण आता तो कधी येणार ते मला माहीत असतं."

सुमेधाने मान हलवली आणि पुढची पेटी ओढली. तो कधी येणार, हे तिला मात्र कधीच माहीत नसायचं.