चौकट जशी असेल तशी

कुसगावच्या गेणूआबांची सायकल हलक्या पोलादाची की पाण्याच्या पाइपाची, हा वाद गावाने आपल्यापुरता मिटवला होता. आबा खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होते. मालक बंगला विकून गेले तेव्हा ही विलायती सायकल आबांना देऊन गेले. "करंगळीवर उचलती," असे आबा तेव्हापासून सांगत आले, आणि पारावरची मंडळी तेव्हापासून त्यांना करंगळी दाखवत आली. नळ्यांची जात सांगणारा कागदी छाप चौकटीवरून कधीच झिजून गेला होता.

आबांचा मुलगा कैलास आंबीच्या कारखान्यात पोलादी नळ्या तपासतो. वडिलांचे म्हणणे खरे असल्याची त्याची खात्री होती. परंतु खात्री आणि पुरावा या वस्तू तो एका कप्प्यात ठेवत नसे. लोणावळ्यातील जुन्या सायकलींच्या मंडळाची नियमावली त्याचीच होती. वार्षिक फेरीत हलक्या पोलादाच्या सायकली पुढच्या ओळीत, बाकीच्या मागे. छाप नसेल तर चौकट सुटी करून तोलावी. सव्वादोन किलोंच्या आत भरली तर हलकी मानावी. आणि, हे वाक्य त्याने भांडून घातले होते, चौकट जशी असेल तशी तोलावी. सबबी ऐकून वजनात सूट देऊ नये.

यंदा आबांना आपली सायकल पुढच्या ओळीत पाहायची होती. चालवणार कैलास, आबा जीपमधून पाहायला येणार होते, आणि पारावरच्या मंडळींना सोबत आणणार होते.

फेरीच्या आदल्या दिवशी कैलासने ओसरीच्या खुंटीवरून चौकट उतरवली. ती रंगासाठी सुटी केली होती. पण मूळ छटा कोणती यावर त्याचे स्वतःशीच एकमत होईना, म्हणून दोन वर्षे ती तिथेच होती. मंडळाचा काटा त्याचा शाळासोबती गुलजार याच्या सायकलदुकानात असे. काटा अडीच किलोंच्या पुढे गेला.

"कैलासराव," गुलजार म्हणाला, "पाण्याच्या टाकीला जोडून देऊ का?"

"काटा तपास."

"तूच तपासून दिलायस. खाली सही आहे तुझी."

कैलासने सीटची सत्तावीस दशांश दोन मिलिमीटर जाडीची दांडी मागितली. नळीचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो. त्यामुळे जितकी भिंत पातळ, तितकी जाड दांडी आत मावते. पाइपाच्या सायकलीत ही दांडी शिरतच नाही. इथे ती सरळ आत गेली.

"भिंत पातळ आहे. म्हणजे पोलाद हलकंच. मग वजन आलं कुठून?"

"शाळेतही तुझं असंच. रीत बरोबर, उत्तर चूक."

कैलासने पायडलचा आस बसतो त्या पोकळीतून बॅटरी मारली. आतल्या नळ्यांची तोंडे मातीने लिंपलेली होती. कुंभारीण, म्हणजे मातीची घरे बांधणारी ती गांधीलमाशीची बहीण, दोन वर्षे तिथे खोल्या वाढवीत होती.

"घे! आबा खरे ठरले," गुलजार म्हणाला. "तार घाल, काढ माती, पुन्हा तोल."

कैलासने आनंदाने घरी फोन लावला. तो आईने, बयाबाईंनी, उचलला आणि कुंभारणीच्या घराची हकीकत ऐकून घेतली.

"तार घालशील तर घरात येऊ नगंस," त्या म्हणाल्या. "तिनं घर केलं म्हनून आपल्याकडं पाळना हलनार हाय. सूनबाईला सातवा हाय, कळतंय का न्हाई?"

"आई, माशीचा आणि समीक्षाच्या दिवसांचा काहीही कार्यकारणसंबंध नाही."

"बरं, न्हाई. तरी हात लावायचा न्हाई."

मागून आबांचा आवाज आला. "आगं, उद्या मानसं येनारेत!"

"येऊ द्या की. नऊ वर्सं वाट बगितलीया पोरीनं."

कैलास बराच वेळ बोलला आणि प्रत्येक मुद्दा जिंकला. मग त्याने तार हातात घेतली, नळीजवळ नेली, आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"नजमाला दिवस होते तेव्हा अम्मीनं कौलाखालचं असलंच घर काढू दिलं नव्हतं," गुलजार आपल्या बायकोबद्दल म्हणाला. "जाऊ दे. मातीचे चारशे ग्रॅम वजा करतो आणि हलकी लिहितो. फेरीला दुसरी सायकल घे, हिचं नाव तरी यादीत लागेल."

"चारशे कशावरून?"

"बरं, साडेचारशे."

"नियम काय म्हणतो?"

"अरे, नियम तूच लिहिलायस!"

"म्हणूनच विचारतो."

चौकट जड ठरली. पायडलचा आस बसवला असता तर कुंभारणीची वाटच बंद झाली असती. म्हणून सायकल मागच्या ओळीतही गेली नाही. चौकट परत खुंटीला लागली.

रविवारी फेरीला न्यायला जीप आली नाही, तेव्हा पारावरची मंडळीच ओसरीवर आली. "आबा, खुंटीवरच हाय की," त्यांतला एकजण म्हणाला. "दावा बरं करंगळीवर उचलून. न्हाईतर आमी उचलतो." आणि त्याने हात पुढे केला.

आबा काठी टेकून उठले आणि मध्ये उभे राहिले.

"पान्याचा पाइप हाय," ते म्हणाले. "हात लावू नगा."

मंडळी हसत हसत गेली. आबा पुन्हा बसले. थोड्या वेळाने कुंभारीण आली. तोंडात ओल्या मातीची गोळी होती. ती पोकळीतून आत शिरली, आणि चौकट आणखी थोडी जड झाली.