कुलूप लावलेल्या फळ्याची कैफियत

जुना म्हणा, मोडका म्हणू नका. मित्रांनो, मी व्हीलचेअर बनवणाऱ्या एका कारखान्यातला जुना डिजिटल फळा आहे. दुसऱ्या खांबावर, वेल्डिंगच्या टेबलासमोर, गेली नऊ वर्षं टांगलेला आहे. खडूच्या फळ्याशी माझी गल्लत करू नका. माझ्यावर बोटाने लिहितात, आणि इथे लिहिलेलं त्याच क्षणी वरच्या मजल्यावर ड्रॉइंगच्या खोलीत दिसतं, मालकीणबाईंच्या टेबलावर दिसतं, घरोघरी मापं घेत फिरणाऱ्या माणसाच्या मोबाइलवरही दिसतं. एकाने रेघ ओढायची, दुसऱ्याने ती खोडायची, तिसऱ्याने सुधारायची आणि सगळ्यांनी एकच चित्र बघायचं, हा माझा जन्मजात धंदा. त्या धंद्याला एका माणसाने कुलूप लावलं. ते सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. तिथे माणसं डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी बांधून काम करत. त्यांनी मला एकाच वेळी दहा बोटं ओळखायला शिकवलं. ती दहा बोटं एकाच माणसाची असोत नाहीतर दहा माणसांची, मला सगळी सारखी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते याच्या नेमकं उलट घडलं.

कारखान्यात आलो तेव्हा माझं स्वागत कसं झालं म्हणता? पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या काचेवर चिकटपट्टीने सुट्ट्यांची यादी डकवली. दुसऱ्या एका महाशयांनी खऱ्याखुऱ्या मार्कर पेनाने माझ्यावर लिहिलं आणि ते पुसेना म्हणून थिनर ओतलं. डाव्या कोपऱ्यातला तो पांढुरका डाग अजून आहे. पण अज्ञानाचा मला राग येत नाही. माणसं शिकतात. तीही शिकली.

आधीची तऱ्हा काय सांगावी! मापवाले काका घरोघरी जाऊन मापं घ्यायचे, अडचणी ऐकायचे आणि त्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे. चिठ्ठी घामाने भिजायची. मग ती वर ड्रॉइंगवालीकडे जायची, ती नवा कागद काढायची, तो खाली यायचा, वेल्डिंगवाली ताई म्हणायची, "हे असं जोडताच येत नाही," आणि कागद पुन्हा जिना चढायचा. एका बदलाला दीड-दोन महिने लागायचे. कित्येक चिठ्ठ्या तर धुण्यातच शहीद व्हायच्या.

मी आल्यावर प्रत्येकाला एक रंग मिळाला. काकांचा नारिंगी, ड्रॉइंगवालीचा निळा, ताईचा हिरवा. कोण काय म्हणालं ते रंगावरूनच कळे.

एका सकाळी काकांनी एका घरातून फोटो पाठवला. त्या घरातल्या बाईंची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून जात नव्हती. चार बोटं कमी पडत होती. घरातले दोघं त्यांना उचलून आत नेत, आणि त्या दर वेळी डोळे गच्च मिटून घेत. काकांनी दाराच्या चौकटीवर नारिंगी गोल काढून लिहिलं, "इथे अडतं." वरून निळ्या रंगात आलं, "दार मोठं होणार नाही. बसल्या बसल्या खुर्चीच लहान झाली तर?" ताईने हातमोजा काढला, बोट पँटला पुसलं आणि बैठकीखाली कात्रीसारख्या दोन नळ्या काढल्या. बाजूला एक मूठ. ती फिरवली की नळ्या जवळ येतात, खुर्ची अरुंद होते, आणि हव्या त्या रुंदीवर एक खीळ घालून ती पक्की करायची. काकांनी तिथूनच लिहिलं, "मूठ डावीकडे घ्या, यांचा उजवा हात चालत नाही." चौथ्या दिवशी नमुना तयार झाला, आणि त्या बाई स्वतःच्या हाताने मूठ फिरवून न्हाणीघरात गेल्या.

ती कल्पना माझी नव्हती, मित्रांनो. फुकटचं श्रेय घ्यायची मला सवय नाही. घरातली अडचण काकांना दिसली, प्रश्न ड्रॉइंगवालीला सुचला, उत्तर ताईच्या हातात होतं. तिघं तीन ठिकाणी होती. मी तिघांसमोर एकच कागद एकाच वेळी धरला, एवढंच. पण एवढ्यानेच त्या वर्षी खुर्चीत अकरा सुधारणा झाल्या. दुरुस्तीला परत येणाऱ्या खुर्च्यांचा कोपरा इतका रिकामा झाला की ताई तिथे आपली सायकल लावू लागली.

मग आले नवे व्यवस्थापक. त्यांना प्रत्येक गोष्टीवर आपली सही लागे, म्हणून लोक त्यांना मागून सहीसाहेब म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरचे रंग पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा काय रंगपंचमीचा खेळ आहे का? कोणीही येतो आणि लिहितो! उद्या चहावालासुद्धा लिहील यावर!"

लिहू दे की! चहावाल्याला जे दिसलं ते साहेबांना दिसलं नाही, तर लाज कोणाला वाटायला हवी?

पण मला विचारतो कोण? दुसऱ्या दिवशी माझ्यावर कुलूप पडलं. सगळ्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. कोणाला काही सुचलं तर चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकायची. साहेब ती वाचणार, सही करणार आणि मगच स्वतः माझ्यावर लिहिणार. मित्रांनो, घरात नळाला पाणी असताना दारात टँकर मागवावा, तशी ही गत! आणि याला नाव काय दिलं, तर शिस्त.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ गिळलं असतं. त्यांनी सगळ्या जुन्या ड्रॉइंगची 'स्वच्छ प्रत' काढली. एकच काळा रंग, आणि प्रत्येक रेघेपुढे एकच नाव, त्यांचं. जुन्या रंगीत प्रती पुसून टाकल्या. ताईचा हिरवा रंग माझ्या पोटातून गेला, तेव्हा मला ओरडता आलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाहीत, पण माझी काच त्या दिवशी नक्की गरम झाली होती.

पुढे त्या अरुंद होणाऱ्या खुर्चीला एका प्रदर्शनात ढाल मिळाली. ढाल घेताना साहेबांचा फोटो निघाला, तो मोठा करून जिन्याजवळ लावला. पाहुणे आले की साहेब त्यांना माझ्यासमोर आणून उभं करत आणि म्हणत, "आमच्याकडे सगळे मिळून काम करतात. हे बघा!" आयत्या बिळावर नागोबा तो हाच. ताईने फोटो पाहिला, "फोटो छान आलाय," म्हणाली आणि तोंडावर वेल्डिंगची ढाल ओढून कामाला लागली. तिच्या जागी मी असतो तर काच फोडून घेतली असती.

आता जे सांगतो ते नीट ऐका. गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिका होत्या. काकांनी त्यांच्या घरी तीच अरुंद होणारी खुर्ची पोचवली. चार दिवसांनी त्यांनी काकांना फोन केला, "एका बाजूला वाकलं की ही डगमगते हो." काकांनी जाऊन पाहिलं. वाकल्यावर नळ्यांची खीळ जरा जरा बाहेर सरकत होती. त्यांनी ते परत येऊन ताईला सांगितलं. ताईने तशीच एक खीळ बोटांत फिरवली आणि लगेच म्हणाली, "आखूड आहे. अर्धा इंच वाढवू आणि टोकाला कडी घालू, म्हणजे सरकणार नाही." पहिल्या नमुन्यापासून ती आखूड होती. ती चूक तिघांची होती, आणि ते चित्र धरून उभा असलेला मीही त्यात आलोच. चूक कोणाकडून होत नाही? पण पूर्वी अशी चूक दुपारच्या जेवणाआधी दुरुस्त होत असे.

या वेळी ताईने चिठ्ठी लिहिली. तारीख घातली. काकांनी खाली सही केली. चिठ्ठी ट्रेमध्ये गेली.

ट्रेमध्ये ती अकरा दिवस पडून राहिली. मी तिथून वीस पावलांवर उभा होतो. एक बोट लागलं असतं तर ती गोष्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्यांना कळवली असती. काका रोज विचारत, "साहेब, ती खिळीची चिठ्ठी?" साहेब म्हणत, "बुधवारी बघतो, काका. सगळं रांगेने होऊ द्या." तोवर तशाच आखूड खिळीच्या खुर्च्या बाहेर जातच राहिल्या; शिक्षिकांची सोडून, आधीच्या धरून अठरा झाल्या.

अकराव्या दिवशी वर्गात खाली पडलेलं पुस्तक उचलायला शिक्षिका वाकल्या. खीळ निसटली. खुर्ची एका अंगाने मिटली, त्या जमिनीवर पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं.

खुर्ची कारखान्यात आली, तशा मालकीणबाई खाली आल्या. माझ्यासमोरच सगळे जमले. साहेबांनी सुरुवातच केली, "मॅडम, वेल्डिंग कच्चं होतं. या बाईंना आजच्या आज घरी पाठवायला हवं."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. या कारखान्यात तिची चौदा वर्षं गेली होती. मालकीणबाईंनी गुडघ्यावर बसून जोड हाताने चाचपले. मग म्हणाल्या, "वेल्डिंग तर शाबूत आहे."

मग साहेब जे बोलले, ते ऐकून माझी खात्री झाली की माणसाच्या जिभेला खरंच हाड नसतं. ते म्हणाले, "मग तो जोडच चुकीचा आहे, मॅडम. तो यांच्याच डोक्यातून निघालेला. मी तेव्हाच म्हणत होतो."

ऐकलंत ना, मित्रांनो? ढाल घेताना जोड साहेबांचा. माणूस पडल्यावर जोड ताईचा!

मालकीणबाई उठल्या. त्यांनी माझ्यावर जोडाचं ड्रॉइंग उघडलं आणि एकेका रेघेवर बोट ठेवत गेल्या. बोट ठेवावं तिथे मी नाव दाखवत होतो. साहेब. साहेब. साहेब. पहिल्या नळीपासून शेवटच्या खिळीपर्यंत दुसरं नावच नव्हतं.

"इथे तर सगळं तुमच्या नावावर दिसतंय."

"ती नुसती पद्धत आहे, मॅडम."

"पद्धत तुमचीच ना?"

इतक्यात ड्रॉइंगवाली जिन्यावरून खाली आली. तिने साहेबांच्या टेबलावरचा तो ट्रे उचलून आणला, चिठ्ठ्यांनी भरलेला. तिने तळातून एक चिठ्ठी काढून मालकीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. तारीख बघितली.

"अशा किती खुर्च्या बाहेर आहेत?" त्यांनी विचारलं.

"अठरा," काका म्हणाले.

"आणि त्यांत या क्षणी माणसं बसलेली आहेत." त्या साहेबांकडे वळल्या. "फळा आत्ता, माझ्यासमोर उघडा. आणि मग अठरा घरांना फोन तुम्ही करायचे. खुर्चीत वाकू नका म्हणून सांगायचं, आणि का ते स्वतःच्या नावाने सांगायचं."

कुलूप निघालं. ताईने हातमोजा काढला. तिने सरळ रेघ ओढली. खीळ अर्ध्या इंचाने वाढली, टोकाला कडी आली. वरून लगेच उत्तर आलं, कडीचं माप ठरलं. काकांनी अठरा पत्ते लिहिले, दोन फिटर सोबत घेतले, आणि एकेक घर झालं की तिथूनच माझ्यावर खूण करत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अठरावी खूण झाली. दीड दिवस! एका चिठ्ठीला अकरा दिवस, आणि अठरा घरांना दीड दिवस.

सगळं गोड झालं असं समजू नका. साहेब अजून आहेत. ट्रे तेवढा गेला. जिन्याजवळचा फोटोही तिथेच आहे, आणि रोज सकाळी दिवे लागले की मला तो समोर दिसतो.

महिनाभराने त्या शिक्षिका दुरुस्त झालेली खुर्ची घ्यायला स्वतः आल्या. हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी माझ्यावरची नवी खीळ बघितली, समजून घेतली. गणिताच्याच बाई त्या, सरळ मुद्द्यावर आल्या.

"मी काकांना सांगितलं होतं डगमगते म्हणून. ते तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. काका खाली बघत होते. साहेब जिन्याच्या पायरीवर थबकले होते. ताई म्हणाली, "पोचलं होतं, बाई. त्याच दिवशी. काय करायला हवं तेही आम्हाला कळलं होतं."

"मग?" त्यांनी विचारलं.

ताईने मान खाली घातली आणि हातमोजा चढवला.

मित्रांनो, तुम्हीही चौघं मिळून एखादं काम करत असाल. त्यात कोणीतरी म्हणेल, "तुम्ही नुसतं सांगा, लिहीन मीच." त्याला तिथल्या तिथे अडवा. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, धुळीतूनही मी दिसतो. पण ज्याला चूक दिसली, त्याचं बोट माझ्यापर्यंत पोचू द्या. ते अडवून धरलंत, तर एक दिवस असंच कोणीतरी मोडलेला हात घेऊन तुमच्यासमोर उभं राहील आणि "मग?" म्हणून विचारेल. तेव्हा उत्तर तुम्हाला माहीत असेल, आणि ते देताना तुमची मान वर होणार नाही.