बांबूवरचा हंडा

वर बघा, बांबूच्या टोकाला. मी हंडा बोलतोय, शकूचा तांब्याचा हंडा. माझी जागा चुलीवर, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या श्रीपतरावांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते सहजी निघत नाही.

शकूबरोबर मी तिच्या माहेराहून वसईच्या या खाडीकाठच्या गावात आलो. घरादाराचं अंघोळीचं पाणी मी तापवलं. मग गिझर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माणसांचं असंच असतं. वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

शकूचे यजमान श्रीपतराव जन्मभर लग्नमंडपांची रोषणाई करत आले. हल्ली धंदा कमी केला आणि त्यांनी ध्यास घेतला, की आभाळ निरभ्र असलं तरी हवेत थोडी वीज असतेच, ती उतरवून दिवा लावायचा. माणिकपूरहून विजेची तार आणली. घटस्थापनेला अंगणात बांबू उभा राहिला, त्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि बरणीवर पालथा मी. बरणी अशासाठी, की वीज बांबूतून जमिनीत पळू नये. माझ्या पाठीवर हवेतली वीज टिपायला सुया, गळ्यात तार, तारेचं दुसरं टोक चपलेच्या अंधाऱ्या खोक्यातल्या इवल्याशा दिव्याला. ढग दिसले की मला आधी खाली उतरवत. तेवढी अक्कल शाबूत होती.

दिवा काही लागेना.

"तार ढिली पडते," श्रीपतराव म्हणाले. "हंड्याच्या बुडाला भोक पाडून नट लावला पायजे."

"माज्या आयेनं दिलेल्या हंड्याला भोक?" शकू कडाडली. "मग दिपिकाच्या हळदीचं पानी कशात तापवू?"

दिपिका म्हणजे त्यांची लेक. तिचं लग्न ठरलेलं. शेवटी तोडगा निघाला, की नवरात्रात मला हात लावायचा नाही, दसऱ्याला भोक पाडायचं. ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले.

घटाला रोज एक माळ चढते, तशी श्रीपतरावांनी पहिल्या दिवसापासूनच यंत्रालाही चढवली होती. माझ्या गळ्यापासून थेट जमिनीपर्यंत झेंडूच्या माळा, पाणी शिंपडून ताज्या ठेवलेल्या. मलाही बरं वाटायचं. इतका मान चुलीवर कधी मिळाला नव्हता.

दसरा उजाडला. मला खाली आणलं, ड्रिल मशीनला कुंकू लागलं. इतक्यात शकू मधे आली.

"घरातले घट उठले, मग हितल्या माळा कोन काढनार?" माळा उतरवता उतरवता ती म्हणाली. "शेवटचं येकदा उभा करून बगा. मग पाडा काय ते भोक."

मला पुन्हा वर चढवलं. दिपिका खोक्याला डोळा लावून बसली.

"पप्पा, पेटला," ती हळूच म्हणाली. "विझला. परत पेटला बघा."

श्रीपतराव त्या ओल्या माळांकडे बघत राहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. मी धरलेली सगळी वीज माळांवरून, बरणीला वळसा घालून, मातीत उतरत होती.

"नऊ दिवस देवीनंच घेतली म्हना," शकू म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

तुळशीच्या लग्नानंतर दिपिकाची हळद झाली. सुया काढून, चिंचेनं घासून मला चुलीवर ठेवलं. एक थेंब गळला नाही. लेक कामणला सासरी गेली आणि घर सुनं झालं. मग एका सकाळी शकूनं स्वतःच मला पुसून अंगणात आणलं.

"घ्या, चढवा वर. पन भोक नाय."

तेव्हापासून मी इथंच आहे. त्या लुकलुकीवर मोबाईलसुद्धा चार्ज होत नाही, पण संध्याकाळी नवराबायको आळीपाळीनं खोक्यात डोकावतात. तुम्हीही या. हवं तर लांबून नमस्कार करा. फक्त हार आणू नका.