पिवळ्या पट्ट्याच्या आत

‘बूट काढू नकोस!’ शब्द वामनशेटच्या अगदी ओठांवर आले होते. पण परीक्षा सुरू झाली होती आणि परीक्षकाला बोलायची मुभा नव्हती.

समोर दादू मशीनभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यापाशी वाकला. नवेकोरे सेफ्टी शूज त्याने काढले, देवळाबाहेर ठेवावेत तसे भिंतीशी नीट जोडून ठेवले. अनवाणी आत शिरून त्याने लेथ मशीनला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला.

रबाळ्याच्या या कारखान्यात पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बनत. गावची शेतं भूसंपादनात गेली तेव्हा वामनच्या वडिलांनी, आबांनी, मोबदल्याच्या पैशातून लोखंड कातायची ही पहिली लेथ घेतली आणि शेजारच्या दादूला तिच्यापुढे उभं केलं. “आता हीच आपली जमीन. शेतान काय चपला घालून शिरतोस?” असं ते म्हणाले होते. दादूने ते तेव्हापासून पाळलं. आबा गेले, नव्या मशिनी आल्या, बाकीच्या कामगारांच्या पायांत बूट आले. दादूला मात्र वामनने कधी टोकलं नाही. वडिलांचा शब्द मोडायला त्याची जीभ रेटली नव्हती.

आता पंप कंपनीने कळवलं होतं, की दिवाळीनंतर लेथवर दाखलेवालाच कारागीर हवा. ज्यांनी शाळेत नाही, कामातच काम शिकून घेतलं, त्यांची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोय होती. परीक्षा कारखान्यातच, एक परीक्षक कौशल्य परिषदेचा आणि दुसरा खुद्द मालक. दाखला मिळाला नाही, तर दादूला लेथ सोडून पॅकिंगच्या टेबलावर बसावं लागणार होतं.

काम संपलं. परिषदेच्या संध्या मॅडमनी शाफ्ट मापून पाहिला. त्या वामनला दाराशी घेऊन गेल्या.

“शेट, जॉब मापात आहे. पण पायांचं काय करायचं?” त्यांनी आवाज उतरवला. “असं करू, त्या वेळी मी फोनवर होते. तुम्ही सही करा, मीपण करते. या वयात माणसाला कशाला टेन्शन द्यायचं?”

चांगल्या मनाची बाई होती. वामनने पेन उघडलं, आणि थांबला.

“मॅडम, बूट नसतील तर थेट नापास, ही अट कोणी घातली, माहितीये?”

“समितीने.”

“समितीत मी होतो.”

परीक्षेत काय काय बघायचं, हे ठरवायला वाशीला मालक लोकांना बोलावलं होतं. छोट्या कारखान्यांच्या वतीने वामन गेला होता. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांमध्ये तो दोन दिवस गप्पच बसला. तोंड उघडलं ते एकदाच. बुटांचे दोन मार्क कापू, असं ठरत होतं, तेव्हा तो उभा राहिला. “आमच्या शेजारच्या गाळ्यात मानसिंग म्हणून होता. पायावर जड जॉब पडून त्याची बोटं गेली. मार्क कापून काय होतं साहेब? आम्हाला आज काम करणारा पाहिजे, तसाच उद्यापण चालत कामावर येणारा पाहिजे.” सगळ्यांनी मान डोलावली होती. घरी येऊन त्याने ते बायकोला, सगुणेला, अभिमानाने सांगितलंही होतं.

आता वामनने कागदावर ‘पुन्हा परीक्षा’ असं लिहिलं आणि सही केली.

दादू मशीन पुसत होता. “काय झाला शेट? गोल नाय आला काय?”

“जॉब बरोबर हाय रे. पाय चुकले.”

दादूने खाली पाहिलं.

“पन आबाच तं बोलले होते.”

“बोलले होते.”

“मंग नापास कोन झाला? मी का आबा?”



गावात सप्ताह सुरू होता. संध्याकाळी टाळ हातात घेऊन निघालेल्या वामनला सगुणेने दारातच धरलं. “दादूभावजी मृदंगावर नाय आले तं बुवा काय तुमच्या टाळावर कीर्तन करतील? टाळ तुमचा, ठेका दुसऱ्याचा!”

पण दादू आला होता. गळ्यात मृदंग अडकवून, वामनकडे न बघता, बुवांच्या बाजूला उभा राहिला. नामाचा गजर चढत गेला, सगळा मंडप डोलू लागला, आणि वामनचा टाळ चुकला. पुन्हा चुकला. तेव्हा दादूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, थाप जरा ठसठशीत केली आणि त्याला हळूच तालात ओढून घेतलं. वामनचे डोळे भरून आले. देवाच्या दारी असंच असतं. चुकलेल्याला कोणी मंडपाबाहेर काढत नाही.

आरती झाली आणि माणसं रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या पाया पडू लागली. तिथे कोण मालक, कोण कामगार! वामन दादूपुढे वाकला. दरवर्षी वाकायचा, पण डोळे मिटून. आज ते उघडे होते. दादूच्या पावलांवर, बोटांच्या सांध्यांपाशी काळे डाग होते. लोखंडाचा तापलेला कीस जिथे जिथे उडाला होता, तिथे तिथे एकेक.

“दादू, हे किती वेला भाजलंय?”

“कीस तं उडतंच.”

“बोलला नाहीस कधी?”

“आबांच्या मशीनची तक्रार कोनाला सांगू?” मंडपात तो शेट म्हणायचा नाही. “आनि तू तरी कवा इचारलंस, वामन?”

वामन तसाच खाली बसून राहिला. “आबा आज असते, तं मी त्यांच्यापन पायान बूट घातले असते.”

दादूला हसू फुटलं. “तोच बूट काढून तुला हाणला असता त्यांनी!” आणि त्याने वामनला दंडाला धरून उठवलं.

दिवाळीच्या तोंडावर संध्या मॅडम पुन्हा आल्या. शाफ्टचा तुकडा लेथच्या पकडीत, चकात, बसवलेला होता. दादू बूट घालून आला आणि पिवळ्या पट्ट्यापाशी थांबला. वाकला. त्याचा हात बुटाच्या नाडीकडे गेला. बोलायची मुभा आजही नव्हती.

दादूने नाडी सोडली. बूट पायावर सारखा केला आणि नाडी पुन्हा घट्ट बांधली. मग पट्ट्याच्या आतल्या जमिनीला बोटं लावून ती कपाळाला टेकवली, क्षणभर डोळे मिटले, कोणाची तरी परवानगी घ्यावी तसे, आणि जपून, आवाज न करता, पाऊल आत टाकलं.